मध्यंतरानंतर सतत गळती

माझ्या सासूबाईंनी वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी सिनेमात मुख्य भूमिका केली, याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. हे वाक्य मी मुद्दाम पहिल्याच ओळीत लिहून ठेवतो आहे, कारण पाणीपुरवठा कार्यालयाच्या दप्तरात सध्या नेमकी उलटी नोंद आहे. एक नव्हे, सतरा नोंदी आहेत. आणि त्या कार्यालयाच्या तक्रार विभागाचा हेडक्लार्क मीच आहे.

सिनेमा सासूबाईंकडे आपल्या पायांनी चालत आला. एक दाढीवाला तरुण दिग्दर्शक शूटिंगसाठी आमच्या इमारतीचा जिना बघायला आला होता. जिना त्याला पसंत पडला नाही. पण जिन्यात उभ्या राहून कुरिअरवाल्याला त्याची चूक शांतपणे समजावून सांगणाऱ्या सासूबाई पसंत पडल्या. सासूबाई एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. आवाज न चढवता समोरच्याला गप्प करण्याचाच त्यांना पगार मिळत असे.

सासरे गेल्यापासून दोन वर्षं त्या आमच्याकडे राहत होत्या, म्हणजे खरं तर खिडकीजवळच्या खुर्चीत बसून होत्या. जेवा म्हटलं की जेवायच्या, झोपा म्हटलं की झोपायच्या. सिनेमा सुरू झाला आणि बाई सकाळी सहाला इस्त्रीचे कपडे घालून फाटकात गाडीची वाट बघत उभ्या राहायला लागल्या. घरात वाद घालायला लागल्या. एकदा मला म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही फोनवर फार ओरडता." ते ऐकून माझ्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. आईला बोलती झालेली बघून आलं, असं ती म्हणते. मला वेगळा संशय आहे, पण तो विषय इथे नको.

सिनेमा लागला तो एकाच थिएटरात, एकच आठवडा, आणि तोही सकाळच्या खेळाला. इमारतीतले आम्ही अठरा जण रविवारी झाडून गेलो. सासूबाई मात्र आल्या नाहीत. "एकतीस वर्षं बोलले, पण स्वतःचा आवाज कधी ऐकला नाही," त्या म्हणाल्या. "पलीकडचा माणूस 'येतंय ऐकू' म्हणाला की समजायचं, लाइन चालू आहे. तुम्ही बघून या आणि मला सांगा."

सिनेमाच्या नावापासूनच माझा गोंधळ सुरू झाला. ते एका शब्दाचं होतं आणि तो शब्द मला कोशात सापडला नाही. गोष्ट अशी, की एक म्हातारी घरात एकटी राहते आणि मुलाच्या फोनची वाट बघते. एवढं मला नीट समजलं, पण ते पहिल्या सात मिनिटांतच आटोपलं. सिनेमा एकशे अठ्ठावन्न मिनिटांचा आहे. आठव्या मिनिटाला स्वयंपाकघरात घोडा आला. तो कोणाचा, कशाला आला, हे कोणी विचारलं नाही. म्हातारीनं त्याच्याकडे बघितलं आणि पोळपाट उचलून ठेवला, मी असतो तरी तेच केलं असतं. मग जिन्यात टोपी घातलेला एक माणूस दिसला. तो काही बोलला नाही, फक्त दिसला आणि गेला.

मध्यंतरात या टोपीवाल्यावरून आमच्यात उभे दोन तट पडले. तळमजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, तो म्हातारीचा मेलेला नवरा. दुसऱ्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तो मुलगाच आहे, पण लहानपणीचा. "लहानपणी मिशा होत्या?" असं मुख्याध्यापकांनी विचारलं. विमा एजंटांचं मत पडलं, की तो मीटर बघायला आला असावा. मला हेच त्यातल्या त्यात पटलं, कारण त्याची वेळ आमच्या मीटरवाल्याशी जुळत होती.

मध्यंतरानंतर आम्ही एक भिंत बघितली. अकरा मिनिटं बघितली. विमा एजंटांनी घड्याळ लावून मोजलं. भिंत चांगली होती, ओल वगैरे नव्हती, पण भिंत किती वेळ बघायची याला काही मर्यादा असते. माझ्या डाव्या बाजूला मुख्याध्यापक घोरायला लागले आणि उजव्या बाजूला बायको माझ्या कानात "आता काय झालं?" असं दर दोन मिनिटांनी विचारत होती. जणू काही माझं तिकीट वेगळ्या सिनेमाचं होतं!

आणि मग फोन वाजला. पडद्यावरचा. सासूबाईंनी ओले हात पुसले, बसल्या, फोन कानाला लावला. पलीकडून मुलगा काय बोलतो ते आपल्याला ऐकू येत नाही. त्या नुसत्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं." थोड्या वेळानं म्हणाल्या, "जेवलास का?" आणि फोन ठेवून त्यावरचा हात तसाच ठेवून बसल्या. बाकी काही नाही. थिएटरात कोणी खोकलं नाही. मुख्याध्यापक जागे झाले होते. मला रडू आलं. डोळ्यांत काही गेलं वगैरे नाही, सरळ रडू आलं. ही बाई माझ्या घरात दोन वर्षं राहते आणि मी तिला ओळखत नव्हतो, असं मला वाटलं.

त्यानंतर घोडा परत आला आणि सिनेमा संपला.

घरी आलो तर सासूबाई दारातच उभ्या. त्यांनी मला सरळ विचारलं, "खरं सांगा, मला जमलं का?"

आता माझी अवस्था समजून घ्या. थिएटरच्या पायऱ्यांवरच बायकोनं मला बजावलं होतं, "सिनेमा रटाळ आहे हे आईला कळता कामा नये. दिग्दर्शकानं तिला दुसऱ्या सिनेमासाठी विचारलंय. पुढच्या रविवारी उत्तर द्यायचंय. तुमच्या तोंडून काही निसटलं तर ती नाही म्हणेल आणि परत त्या खुर्चीत जाऊन बसेल." इकडे सासूबाई म्हणतात, खरं सांगा. तिकडे बायको म्हणते, खरं सांगू नका. बावीस वर्षांच्या संसारात या दोघींचं मी सदैव ऐकलं आहे, पण एकाच वाक्यात दोघींचं ऐकायची वेळ पहिल्यांदाच आली होती. माझ्या डोक्यात भिंत, घोडा आणि टोपी यांची नुसती खिचडी झाली होती.

"सिनेमा," मी म्हणालो, "फार वेगळा आहे."

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "बघून कसं वाटलं?"

"म्हणजे विचार करायला लावणारा आहे. भिंतीचं काम उत्तम."

त्या आत निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघालो तेव्हा त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. कपडे इस्त्रीचे नव्हते. बायकोनं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं तिचं वर्णन करायला मला सवड नाही.

मंगळवारी मुख्याध्यापकांना गाठलं. मुख्याध्यापकांना सल्ला विचारावा लागत नाही, फक्त समोर उभं राहावं लागतं. "एकट्यानं सांगू नका," ते म्हणाले. "सगळ्यांकडून लेखी अभिप्राय घ्या. नाव न घालता. त्यातले चांगले तेवढे निवडा आणि त्यांना वाचून दाखवा. लेखी असलं की माणसाचा विश्वास बसतो. शाळेत मी असंच करत असे." शाळेत ते नेमकं काय करत असत, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

कागद माझ्याकडे होते. आमच्या कार्यालयानं दोन वर्षांपूर्वी तक्रारीचा जुना छापील फॉर्म रद्द केला, त्याचे गठ्ठेच्या गठ्ठे पाठकोरे म्हणून मी घरी आणून ठेवले आहेत. मी घरोघर जाऊन एकेक फॉर्म दिला आणि प्रत्येकाला बजावून सांगितलं, "मागच्या कोऱ्या बाजूला लिहा, पुढच्या बाजूकडे बघूसुद्धा नका. नाव नको." सगळ्यांनी माना डोलावल्या.

गुरुवारी सतरा फॉर्म परत आले. कोऱ्या बाजू सतराच्या सतरा कोऱ्या होत्या. छापील रकाना दिसला आणि आमच्या माणसानं तो भरला नाही, असं झालेलं मी सत्तावीस वर्षांच्या नोकरीत पाहिलेलं नाही, तेव्हा ही चूक माझीच. लोकांनी पुढची बाजू अगदी मन लावून भरली होती. नाव, घर क्रमांक, सही. 'तक्रारीचे स्वरूप' या रकान्यात मुख्याध्यापकांनी लिहिलं होतं, 'मध्यंतरानंतर सतत गळती'. डॉक्टरीणबाईंनी 'अनियमितता' आणि 'गढूळपणा' या दोन्हींवर खूण केली होती. 'केव्हापासून' समोर विमा एजंटांनी 'आठव्या मिनिटापासून' असं लिहिलं होतं. 'कारण माहीत असल्यास' इथे चौघांनी 'घोडा' लिहिलं होतं.

मी तक्रारीचा रकाना बघितला आणि कपाळाला हात लावला. यातून चांगलं काय निवडणार? खाली 'अन्य माहिती' म्हणून आणखी एक रकाना असतो, पण तक्रार विभागात तो वाचायची पद्धत नाही. लोक तिथे मनाला येईल ते लिहितात. मी गठ्ठा बॅगेत टाकला. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत फाडून टाकावा आणि बायकोला सांगावं, हरवला.

शुक्रवारी गठ्ठा टेबलावर काढून ठेवला आणि साहेबांनी बोलावलं म्हणून पाच मिनिटं आत गेलो. आमच्या आवक टेबलावरच्या बाईंचा उरक कार्यालयात प्रसिद्ध आहे. परत आलो तेव्हा सतराही फॉर्मांवर शिक्का बसला होता आणि चारशे एकवीसपासून चारशे सदतीसपर्यंत क्रमांक पडले होते.

"अहो, हा फॉर्म रद्द झालाय!" मी म्हणालो.

"फॉर्म रद्द झालाय, शिक्का चालू आहे," बाई म्हणाल्या. आणि एकदा क्रमांक पडला की तक्रार मागे घेता येत नाही, ती पाहणी करून निकालीच काढावी लागते. हा नियम मीच परिपत्रकात घातलेला आहे.

मी धावत साहेबांकडे गेलो. "साहेब, त्या सतरा तक्रारी पाण्याच्या नाहीत."

"मग कशाच्या आहेत?"

"सिनेमाच्या."

साहेबांनी चष्मा काढला. "सिनेमाला पाणी आपण देतो का?"

"नाही साहेब. सिनेमा माझ्या सासूबाईंचा आहे."

"त्यांचं थिएटर आहे?"

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. घोड्यापर्यंत आल्यावर साहेबांनी मला पाणी प्यायला दिलं. मग म्हणाले, "हे बघा, एका इमारतीतून एका दिवसात सतरा तक्रारी आजवर आलेल्या नाहीत. उद्या वरून विचारणा झाली तर मी घोडा सांगू? पाहणी होऊ द्या. आणि तुमचीच इमारत आहे म्हणून तुम्ही त्यात पडू नका."

शनिवारी मला मुद्दाम सकाळीच दुसऱ्या कामाला धाडण्यात आलं. ते कसंबसं उरकून धापा टाकत घरी पोचलो तेव्हा दारात बायको उभी होती. "तुमचं ऑफिस घरी आलंय," एवढंच ती म्हणाली.

आत आमचे कनिष्ठ अभियंता चहा पीत बसले होते. त्यांच्याबरोबरचे वयस्कर नळदुरुस्तीवाले काका गळती ऐकायची लांब लोखंडी दांडी भिंतीला टेकवून, दुसरं टोक कानाला लावून, डोळे मिटून उभे होते. सतरा फॉर्म टीपॉयवर पसरले होते आणि टीपॉयच्या पलीकडे, चष्मा लावून, सासूबाई बसल्या होत्या.

"सर, बरं झालं आलात," अभियंता म्हणाले. "या चारशे बावीसमध्ये लिहिलंय, मध्यंतरानंतर गळती. मध्यंतर म्हणजे कितवा मजला?"

मी हातातली बॅग खाली ठेवली.

"आणि हा टोपीवाला कोण? तिघांनी लिहिलंय, टोपीवाल्याचा काहीच उलगडा होत नाही. जिन्यातला व्हॉल्व्ह त्याच्या ताब्यात आहे का?"

"तो दिवे लावणारा माणूस होता," सासूबाई म्हणाल्या. "चुकून मध्ये आला. दिग्दर्शकांना आवडला, म्हणून ठेवला."

मध्यंतरातल्या सगळ्या वादावर असं पाणी पडलं. मी खुर्ची शोधली आणि बसलो.

"द्या ते इकडे," सासूबाईंनी गठ्ठा ओढून घेतला. "तुम्ही वरचं वाचताय. खालचं वाचा." आणि एक्स्चेंजमध्ये नंबर सांगावेत तशा स्वच्छ आवाजात त्या वाचायला लागल्या. "चारशे बावीस. मुख्य भूमिकेस शंभरपैकी ब्याण्णव, बाकीच्यांनी परीक्षेस पुन्हा बसावे. चारशे पंचवीस. बाई स्वतः रडत नाहीत, त्यामुळे मला रडावं लागलं. ही दाताची डॉक्टर. चारशे तीस. आजींच्या जिवावर सिनेमा उभा आहे, आजींची काळजी घ्यावी. चारशे चौतीस." इथे त्या थांबल्या. "ही माझी लेक. हिनं सगळे रकाने कोरे ठेवलेत. खाली नुसतं 'माझी आई' असं लिहिलंय."

बायको स्वयंपाकघरात निघून गेली. काकांनी दांडी खाली ठेवली.

सासूबाईंनी सतराही वाचले. मग गठ्ठा नीट जुळवला आणि माझ्याकडे बघितलं. "सिनेमाला अठरा जण गेला होतात."

"हो."

"हे सतरा आहेत. तुमचा नाही."

"आई, मी तर रविवारीच सांगितलं होतं. सिनेमा फार..."

"वेगळा आहे. ते सिनेमाचं झालं. सिनेमा कसा होणार ते मला शूटिंगच्या दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. स्वयंपाकघरात घोडा आणला की कोणालाही कळेल. मी तुम्हाला सिनेमा विचारला होता का? मी विचारलं, मला जमलं का? तुम्ही भिंतीचं कौतुक केलंत. मला वाटलं, माणूस इतका चाचरतोय म्हणजे मी फारच वाईट केलं असणार. सहा दिवस मी तेच धरून बसलेय."

सहा दिवस मी खरं आणि खोटं यांच्या मधून वाट शोधत होतो. घरोघर फिरलो, शिक्के बसवून घेतले, साहेबांसमोर वेडा ठरलो. आणि सासूबाईंनी विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर 'हो' असं होतं. ते खरंही होतं, गोडही होतं, बायकोचीही त्याला हरकत नव्हती. मला स्वतःची फार लाज वाटली.

"जमलं, आई," मी म्हणालो. "तो फोनचा प्रसंग. तुम्ही 'जेवलास का' विचारलंत ना, तिथे मी रडलो. माझ्या आईच्या वेळी रडलो होतो, त्यानंतर तिथेच."

अभियंत्यांनी चहाच्या कपात बघितलं.

"फोन ठेवल्यावर त्यावरचा हात का काढला नाहीत?" मी विचारलं. "दिग्दर्शकांनी सांगितलं होतं का?"

"त्यांनी ओक्साबोक्शी रडा म्हणून सांगितलं होतं. मी नाही ऐकलं. पलीकडच्यानं खरंच ठेवला की नाही याची खात्री झाल्याशिवाय आम्ही हात काढत नसू. सवय आहे." त्यांनी चष्मा पुसला. "दिसलं का ते?"

"सगळ्यांना दिसलं."

"बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि उठून खिडकीजवळची खुर्ची उचलून टीपॉयपाशी आणली. काकांना बसायला हवी होती.

अभियंत्यांना मात्र अजून तक्रारी निकाली काढायच्या होत्या. शेऱ्यात काय लिहू, असं ते मला विचारत होते. सासूबाईंनीच सांगितलं, "लिहा. पाहणी केली. गळती सिनेमात आहे, इमारतीत नाही." त्यांनी ते सतरा वेळा लिहिलं आणि सासूबाईंनी सतरा वेळा सही केली. हे शेरे पुढे माझ्याच टेबलावर येणार आहेत आणि त्यांचं काय करायचं हे मला अजून कळलेलं नाही.

रविवारी सकाळी त्यांनी दिग्दर्शकाला फोन लावला. मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत असल्यासारखा बसलो होतो. बाईंनी होकार दिला, पण गोष्ट आधी लेखी हवी आणि जनावर एकही नको, असं ठणकावून सांगितलं. मग बराच वेळ त्या ऐकत होत्या, हसत होत्या. शेवटी फोन ठेवून बाहेर आल्या. इस्त्रीचे कपडे घातले होते.

"जावईबापू, या सिनेमात एक जावई आहे म्हणे," त्या म्हणाल्या. "त्याला एकच काम आहे. सासूनं काही विचारलं की लगेच खरं सांगायचं. त्यांना माणूस मिळत नाहीये. तुमच्या ओळखीत कोणी आहे का, असं विचारत होते."

मी पेपर खाली केला. "मग तुम्ही काय सांगितलंत?"

"नाही म्हणून सांगितलं," सासूबाई म्हणाल्या, आणि माझ्या बायकोला हाक मारत आत गेल्या.